सास्तूरची लाईट सोडू नका

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘अप टू डेट’ असं आलं आणि मी समाधानानं खुर्चीला पाठ टेकवली. मग त्याच्या शेजारचा आकडा दिसला. फोल्डरचा साइज: शून्य.

“झालं का?” मागच्या सोफ्यावरून शरणप्पाकाकांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. खरंच झालं होतं.

शरणप्पाकाका नळदुर्गातले अडत व्यापारी. गेल्याच महिन्यात त्यांच्या पोरीचं लग्न झालं. शूटिंग मल्लूअण्णांच्या स्टुडिओचं, आणि स्टुडिओचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडं. लग्नात काकांचे वडील, म्हणजे अज्जा, खुर्चीत बसून स्टेजवर आले होते. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला, आणि पाठोपाठच्या आठवड्यात गेले. उद्या त्यांच्या नावानं घरी गणाराधना होती. जंगमांची, म्हणजे लिंगायत पुरोहितांची पूजा, मग पाहुण्यांचं जेवण. काकांची मागणी एवढीच होती की, अज्जांचा तेवढा अक्षतांचा व्हिडिओ द्या, उद्या टीव्हीवर लावायचाय.

तुम्ही म्हणाल, आजकाल लग्नात मोबाइल कमी असतात का? असतात की. पण स्टेजवर आमचे दोन कॅमेरामन, एक लाइटवाला आणि एक ट्रायपॉड उभा होता. त्यामुळं समद्या पाहुण्यांच्या मोबाइलमधी अज्जांच्या जागी आमच्या कॅमेरामनची पाठ आली होती. आणि कॅमेऱ्याचं मूळ कार्ड? लगनसराईत कार्डाला उसंत नसते. आजचं लग्न कॉम्प्युटरवर उतरवायचं, कार्ड पुसायचं, उद्या दुसऱ्या मांडवात. तेव्हा अज्जा दोनच ठिकाणी होते. एक नळदुर्गच्या कॉम्प्युटरमधे आणि दुसरे सास्तूरला, संगीताताईंच्या घरी.

संगीताताई अण्णांचं मिक्सिंग करतात. मिक्सिंग म्हणजे शूटिंग कापून, जोडून, गाणी टाकून त्याचा सिनेमा करायचा. पूर्वी त्यासाठी हार्ड डिस्क एसटीनं जायची. स्टीलच्या डब्यात, कंडक्टरच्या ओळखीवर. ते बघून मला लई हसू यायचं. मी अण्णांना म्हणालो, “अण्णा, जमाना कुठं चाललाय! मी तुम्हाला पीअर टू पीअर करून देतो.”

“ते काय अन्?”

ते असं. एरवी आपण फाइल कुठंतरी लांबच्या मोठ्या कॉम्प्युटरवर टाकतो आणि दुसरा तिथून उचलतो. पीअर टू पीअरमधी मधला साहेब नसतो. दोन कॉम्प्युटर सरळ एकमेकांशी बोलतात. दोघांवर एकेक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला क्लायंट म्हणतात. मग नळदुर्गच्या फोल्डरात जे पडेल ते आपोआप सास्तूरच्या फोल्डरात. भाडं नाही, डबा नाही, कंडक्टर नाही.

दोन्ही मशीनवर मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. विंडोजला व्हायरस चावतो, लिनक्सला माणसं चावतात, एवढाच फरक. काळ्या खिडकीत चार कमांड मारल्या, क्लायंट उतरला, मशीन चालू झालं की तोही चालू होईल असं केलं. दोघांचे लांबलचक ओळखनंबर एकमेकांना दिले आणि सोयरीक जमली. सास्तूरच्या मशीनला तर मी आणखी एक सेटिंग केलं. लाईट गेली तर जाऊ द्या, परत आली की मशीन स्वतःहून सुरू होणार. कुणी बटनसुद्धा दाबायचं नाही. ह्या सेटिंगबद्दल मी अण्णांकडून दोनदा चहा घेतला होता.

तर त्या दुपारी. काका सोफ्यावर. मी मशीन उघडलं तर क्लायंट लाल होऊन बसलेला. ‘फोल्डर मार्कर मिसिंग.’

मार्कर म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. लिनक्समधी मोठी डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरला जुंपावी लागते. त्याला माउंट करणं म्हणतात. डिस्क जुंपलेली असली की त्या फोल्डरात सगळी लग्नं दिसतात. जुंपलेली नसली की फोल्डर तसाच राहतो, पण आत काही नसतं. घर हाय, दार हाय, माणसं गायब. आता क्लायंटला कसं कळावं की माणसं मेली का गावाला गेली? म्हणून तो खऱ्या डिस्कवर आपली एक बारकी खूण ठेवतो. ती खूण दिसली नाही तर तो म्हणतो, मला हे घर ओळखीचं वाटत नाही, मी कशालाच हात लावणार नाही.

शहाणा प्रोग्रॅम. आणि त्याला भेटलो मी.

मला वाटलं, खूण चुकून पुसली गेली असणार. मागं काका घड्याळ बघतायत. मी काळी खिडकी उघडली आणि ती खूण हातानं तयार करून दिली. रिकाम्या घरावर मालकाची पाटी लावली. क्लायंट आत गेला, सगळीकडं बघितलं, आणि त्यानं प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की मालकानं सगळ्या फायली पुसल्या. आता जोडीदारालाही तसं कळवायला पाहिजे.

कारण पीअर टू पीअरमधी नुसतं येणं पोचत नाही, जाणंही पोचतं. इकडं पुसलं की तिकडं पुसतं.

मी डिस्क जुंपायला गेलो. जुंपेना. कान लावला तर आतून टक्‌, टक्‌, टक्‌. डिस्क मेली होती. म्हणूनच जुंपली गेली नव्हती. म्हणजे नळदुर्गातले अज्जा गेले. राहिले सास्तूरचे. आणि स्क्रीनवर सास्तूरच्या पुढं लिहिलं होतं, ‘डिसकनेक्टेड’.

सास्तूरला लाईट नव्हती.

म्हणून ते वाचले होते. लाईट आली की मशीन स्वतःहून सुरू होणार, क्लायंट स्वतःहून सुरू होणार, नळदुर्गचा निरोप घेणार आणि अज्जांना पुसून टाकणार. कुणी बटनसुद्धा दाबायचं नाही. पुसलेलं काही दिवस सांभाळून ठेवायची सोय क्लायंटमधे असते. ती मी बंद केली होती. जागा वाचवायला.

संगीताताईंना फोन लावला. स्विच ऑफ. लाईट गेल्याचं त्यांनीच सकाळी कळवलं होतं. सकाळपासून लाईट नाही म्हटल्यावर फोन कशानं चार्ज होणार?

मी उठलो. “काका, नेट जरा स्लो हाय. मी सास्तूरहून घेऊनच येतो.”

“नेट स्लो हाय म्हणून सास्तूरला जाताव?” काका म्हणाले. व्यापारी माणूस, मालाला हात लावायच्या आधी वास घेतो.

अण्णा माझ्या मागं बाहेर आले. मी गाडीला किक मारता मारता सांगितलं. अण्णा चिडले की मराठी सोडून कन्नडवर जातात. त्या दिवशी ते बराच वेळ कन्नडमधी होते. मग मराठीवर उतरले.

“माझ्या बापाच्या पिढीपासनं त्येंच्या घरची लग्नं आमी करायलाव, सतीश. अज्जाच्या लग्नाचा फोटो माझ्या बापानं काढलाय. आणि अज्जाचा शेवटचा तू खाल्लास?”

“अजून नाही खाल्ला. लाईट यायच्या आत पोचतो.”

“तुझं ते आपोआप...” पुढचं परत कन्नड.

हायवेवर ट्रकांची रांग. ढाब्यांच्या पुढं गाड्या आडव्या-तिडव्या लावलेल्या. मी मधून-कडेनं काढत लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो आणि एका बाभळीखाली थांबून सास्तूरच्या वायरमनला फोन केला. बालाजीराव. मशीन बसवायच्या वेळी लाईटीचा अंदाज घ्यायला नंबर घेतला होता.

“चारला येती लाईट,” त्यानं फोन उचलताच सांगितलं. कोण, काय, काहीच नाही. “सबस्टेशनचं काम चालू हाय. परत परत फोन करू नका.”

“बालाजीराव, लाईट सोडू नका.”

त्यानं बहुतेक फोन दुसऱ्या कानाला लावला.

“काय म्हणलाव?”

“चारला सोडू नका. मी गावात पोचेपर्यंत थांबा. फार नुकसान व्हायलंय.”

“सायेब, ह्या लाइनीवर म्या म्हातारा व्हत आलो. लाईट सोड म्हणून शिव्या खाल्ल्या, पाया पडलेले बघितले. सोडू नका म्हणणारा तुमी पहिले. पिलाव का?”

मी सांगायचा प्रयत्न केला. लग्न, अज्जा, मशीन. तो मधेच म्हणाला, “सोडायचं माझ्या हातात न्हाय, सबस्टेशनच्या हातात हाय. पण त्या एका घराचा फ्यूज खांबावरनं काढतो. घर सांगा.”

देवमाणूस. फक्त मला घर सांगता येईना.

सास्तूरची घरं भूकंपानंतर बांधून दिलेली. एका ओळीत, एका मापाची, एका तोंडाची. मी तिथं एकदाच गेलो होतो, तेही अण्णांच्या मागं बसून.

“दारात बैलगाडी हाय,” मी म्हणालो.

“बरं. अन्?”

“अन्... मोटारसायकल.”

“सायेब, बैलगाडी अन् मोटारसायकल नसलेलं घर इचारलं असतं तर लवकर सापडलं असतं.”

“संगीताताई. मिक्सिंग करतात. कॉम्प्युटरवर.”

“कॉम्प्युटरवाली व्हय? कळालं, कळालं. काढतो.”

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगातून अर्धं ओझं उतरलं. अर्धं राहिलं, कारण त्याचं ‘कळालं’ मला फार लवकर वाटलं होतं.

लोहारा मागं टाकलं. सास्तूरची कमान दिसायला लागली, आणि तिच्याखालून आत शिरत होतो तेवढ्यात पिठाची गिरणी घरघरली. पाठोपाठ देवळातला भोंगा मधूनच एका भजनाच्या शेवटच्या ओळीपासून सुरू झाला. लाईट आली होती.

तिसऱ्या ओळीत एका घरापुढं माणूस उभा होता आणि खांबाकडं बघून आईबहीण काढत होता. आजूबाजूच्या सगळ्या घरांत लाईट, त्याच्याच घरात अंधार. दाराशी पाटी होती: ‘येथे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. बालाजीरावांनी कॉम्प्युटरवाल्याचा फ्यूज काढला होता. फक्त दुसऱ्याच कॉम्प्युटरवाल्याचा.

संगीताताईंचं घर त्याच्या समोरच निघालं. त्या दारातच होत्या.

“सर, तुमी? आन् घामानं कामून भिजलाव?”

मी तसाच आत घुसलो. मशीन सुरू झालेलं. माझं सेटिंग अगदी सांगितल्याप्रमाणं चाललं होतं. मी खुर्ची ओढली आणि फोल्डर उघडला.

हळद होती. साखरपुडा होता. वरात होती. अक्षता होत्या. सगळं लग्न जागच्या जागी. क्लायंटवर नळदुर्गच्या पुढं लाल अक्षरांत ‘डिसकनेक्टेड’. नळदुर्ग निरोप देत नव्हतं. का, ते कळेना. पण वाचलो एवढं कळालं.

आता शहाण्या माणसानं पहिलं काय केलं असतं? क्लायंट बंद. वायर काढली असती. मी काय केलं? पाणी मागितलं. तांब्याभर पाणी प्यालो आणि अण्णांना फोन लावला, आनंदाची बातमी द्यायला.

“अण्णा, अज्जा सुखरूप! नळदुर्गचं मशीन बंद पडलंय बहुतेक, म्हणून वाचलं.”

“बंद पडलं न्हाय, म्या पाडलं,” अण्णा म्हणाले. “तू गेलास अन् माझं डोकं फिरलं. म्हणलं, हीच ना ती भवानी, अज्जाला गिळणारी? वायर धरली अन् उपटली.”

मी कपाळाला हात लावला. नळदुर्गचं मशीन बंद केलं असतं तर निरोप द्यायला कुणी उरलंच नसतं. मी त्या मशीनच्या पुढं बसलो होतो. बटन माझ्या गुडघ्याला लागत होतं. ते सोडून मी अख्ख्या गावाची लाईट अडवायला निघालो होतो.

“अण्णा, तुम्ही वाचवलंत. आता ते तसंच राहू द्या.”

“राहू द्या कसलं? काका बसून हायेत इथं. रिकामं किती वेळ बसवावं? म्हणलं दुसऱ्या एखाद्या लग्नाचा नमुना दाखवावा. आत्ताच वायर लावली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं पळायलीत बघ.”

“काढा!” मी ओरडलो. “अण्णा, वायर काढा!”

“आँ? थांब, काका काय म्हणायलेत...” आणि फोन बहुतेक टेबलावर ठेवला गेला. तिकडून काकांचा आवाज येत होता, माझा तिकडं जात नव्हता.

मी टेबलामागं हात घातला. वायरींचा गुंता. हाताला लागली ती जीव खाऊन ओढली. स्क्रीन काळी झाली. सुटलो म्हणून खाली बसणार, तेवढ्यात कॉम्प्युटरच्या डब्याचा पंखा ऐकू आला. घूं करत होता. मी मॉनिटरची वायर काढली होती. मशीन चालूच. आता फरक एवढाच, की पुसलं जात असलं तरी मला दिसणार नव्हतं.

“डब्याची वायर कुठंय?”

“कपाटामागं, सर. कपाट सरकत न्हाय, आत ज्वारी हाय.”

मी दाराकडं धावलो. समोरच्या खांबावर बालाजीराव शिडी लावून चढलेले, चुकीच्या घराचा फ्यूज परत बसवत होते. खाली फॉर्मवाला शिव्या देत होता.

“बालाजीराव! हे घर! हे! काढा!”

“आता लाईट आली की सायेब!”

“काढा म्हणतो ना!”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, फॉर्मवाल्याकडं बघितलं आणि दुसरा फ्यूज उपटला.

आत पंखा गपकन थांबला.

संगीताताईंनी हळूच विचारलं, “सर, काय झालं ते तरी सांगताव का?” मी सांगितलं. त्या ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड पदराआड गेलं. रडतायत वाटलं. हसत होत्या.

नेटचा डबा उचलून मी खिशात घातला, खरंच खिशात, आणि मग बालाजीरावांना फ्यूज लावायला सांगितलं. मॉनिटर जोडला. मशीन सुरू व्हायला नेहमीएवढाच वेळ लागला असेल, पण त्या वेळात मी माझं दुकान विकून टाकलं होतं, नळदुर्ग सोडलं होतं आणि सोलापुरात रसवंती टाकली होती.

फोल्डर उघडला. सगळं होतं.

नळदुर्गचं मशीन अजून पूर्ण उठलंच नव्हतं, हे नंतर कळालं. मेलेली डिस्क सापडते का म्हणून ते सुरू होताना वाट बघत बसलं होतं. अख्खं लग्न मारणाऱ्या डिस्कनं जाता जाता तेवढं पुण्य केलं.

आम्ही अक्षतांचा तुकडा काढला आणि पेन ड्राइव्हवर घेतला. सगळं लग्न हार्ड डिस्कवर उतरवलं. संगीताताईंनी फडताळातून एक स्टीलचा डबा काढला, आतून फडकं लावलेला, आणि माझ्यापुढं ठेवला. मी डिस्क त्यात ठेवली आणि झाकण लावलं.

स्टुडिओत पोचलो तर काका तसेच बसलेले. अण्णांनी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. अज्जा आले. खुर्चीत, पांढरा फेटा, कपाळावर विभूती. मूठभर अक्षता घेतल्या, हात वर केला, आणि मधेच थांबून थेट कॅमेऱ्याकडं बघून गरजले, “आ कडे सरि!” म्हणजे, तिकडं सरक.

काका हसले. मग हसता हसता थांबले. रिमोट स्वतःच्या हातात घेतला आणि परत लावलं. अज्जा परत गरजले.

“कुणावर वरडलेत हो?” काकांनी विचारलं.

“आमच्या कॅमेरामनवर,” अण्णा म्हणाले. “मधी उभा होता. कापून टाकू का तेवढं? मिक्सिंगमधी निघतंय.”

“त्येला हात लावू नका,” काका म्हणाले. “तेवढंच तर त्येंच्यासारखं हाय.” पेन ड्राइव्ह खिशात घातला, वरून दोनदा चाचपला, आणि दारात थांबून माझ्याकडं वळले. “नेट आता कसं हाय?”

“चांगलं हाय, काका.”

“तुमचा चेहरा बघून वाटलं न्हवतं.”

धंद्यातली गोष्ट सांगायची तर एवढीच, की एकच वस्तू दोन ठिकाणी असली म्हणजे ती दोनदा जपलेली असते असं नाही. एक दुसऱ्याचं ऐकत असला तर दोघं मिळून एकच. तिसरा पाहिजे, कुणाचंच न ऐकणारा, शक्यतो डब्यात. क्लायंट अजून चालू आहे. पुसलेलं सांभाळायची सोयही आता चालू आहे. पण दर आठवड्याला एक डिस्क एसटीनं जाते, आणि कंडक्टर मला बघून हसतो.

सास्तूरला लाईट गेली की मात्र परत यायच्या आधी माझा फोन वाजतो. पलीकडं बालाजीराव असतात, आणि मागं बहुतेक सगळी लाइनमनची टोळी ऐकत असते.

“सायेब,” ते अगदी अदबीनं विचारतात, “लाईट सोडू का?”